जुन्या मोटारीचे फ्यूज आणि कॉन्टॅक्ट : किरकोळ खर्च, मोठी हिफाजत

बुलढाणा जिल्ह्यातील आपला व्यापार रस्त्यावर चालतो. खामगाव, मलकापूर येथे माल उतरतो आणि तेथून चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, नांदुरा, जळगाव जामोद अशा बाजारांत जातो. कपडा असो, बांगड्या असोत, भांडी असोत, माल पोचवायला गाडी लागते आणि ती गाडी नवी असतेच असे नाही. कोणाच्या घरी वडिलांची फियाट अजून आहे, कोणी ॲम्बेसेडर जपली आहे, कोणाची जीप किंवा मॅटाडोर अजून कामावर आहे. अशा गाडीचे ऑइल, टायर आणि ब्रेक यांकडे मालक लक्ष देतो. वायरिंगकडे मात्र दिवा विझल्यावर किंवा धूर आल्यावरच बघितले जाते. म्हणून फ्यूज आणि कॉन्टॅक्ट या दोन लहान वस्तूंची माहिती व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटले.

यांपैकी फियाट आणि ॲम्बेसेडर बनणे आता बंद झाले आहे. मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघाली, तीच पुढे पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास थांबली. मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद पडली. म्हणजे आज जी गाडी उभी आहे तिची वायर निदान दहा वर्षांची, आणि पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांची आहे. इंजिनाची दुरुस्ती कुठेही होते, पण जळालेला वायरिंगचा पूर्ण संच मिळणे कठीण जाते. जी चीज पुन्हा मिळणार नाही तिला सांभाळण्यातच शहाणपण आहे.

स्पोर्ट्स कार आपल्या जिल्ह्यात क्वचित दिसेल. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची गाडी काढली होती, तो आपल्या बाजूचा एक नमुना. परंतु विजेच्या बाबतीत युरोपातील जुनी स्पोर्ट्स कार आणि आपली फियाट एकाच घराण्यातील आहेत. जुन्या पोर्शमध्ये किंवा फियाटच्या स्पायडरमध्ये चिनी मातीचा जो टोकदार फ्यूज बसतो, तोच पद्मिनीत बसतो. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आणि इंग्लंडमधील ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार, दोन्ही एकाच सांगाड्यावरून निघाल्या. तेव्हा एक हुनर नीट शिकला तर तो दोन्हीकडे चालतो.

फ्यूज कोणाची राखण करतो?

पुष्कळ लोक समजतात की फ्यूज दिव्याला किंवा हॉर्नला वाचवतो. खरे पाहता फ्यूज वायरीला वाचवतो. बॅटरीत इतकी ताकद असते की ती एका क्षणात शंभराहून अधिक अँपिअर ओतू शकते. वायर कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर सगळा प्रवाह तिच्यातून धावतो. अशा वेळी वायर लाल होते, तिच्यावरचे प्लास्टिक पेटते आणि शेजारच्या दहा वायरी घेऊन जळते. हे होऊ नये म्हणून वाटेत मुद्दाम एक कमजोर पट्टी ठेवलेली असते. सर्वांच्या आधी ती वितळते आणि वाट बंद करते. कमजोर असणे हेच तिचे काम आहे.

फ्यूजचा आकडा ठरवण्याचा हिशेब सोपा आहे. दिव्याचे वॅट घ्यावेत आणि १२ ने भागावे, अँपिअर मिळतात. ६० वॅटचा हेडलाइट ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. ब्रेकचा २१ वॅटचा दिवा पावणेदोन अँपिअर घेतो. जेवढा भार असेल त्याच्या सव्वा ते दीडपट फ्यूज ठेवावा, पण वायर जेवढे सोसू शकते त्याच्या वर कधीही जाऊ नये. वायर बारीक आणि फ्यूज मोठा, तर त्या फ्यूजचा काही उपयोग नाही.

कोणत्या गाडीत कोणता फ्यूज

जुन्या गाड्यांत तीन जाती आढळतात.

पहिली जात फियाटची. चिनी मातीची कांडी, दोन्ही टोके निमुळती आणि बाहेरून धातूची पट्टी. ही कांडी दोन पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात दाबून बसते. पांढरी ८ अँपिअरची, तांबडी १६ अँपिअरची, पिवळी ५ ची आणि निळी २५ ची. बाजारात हीच कांडी प्लास्टिकची मिळते. ती दिसायला सारखी असली तरी चिमटा तापला की तिचे अंग मऊ पडते, दाब जातो आणि मग ती आणखी तापते. म्हणून शक्यतो चिनी मातीचीच घ्यावी, आणि पट्टी तांब्याची किंवा पितळेची असावी. ॲल्युमिनियमची पट्टी पितळी चिमट्यात बसवली, तर दोन भिन्न धातूंत ओलाव्याने लवकर गंज धरतो.

दुसरी जात काचेची नळी. ॲम्बेसेडर, हेरल्ड अशा इंग्रजी घाटाच्या गाड्यांत ती असते. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लुकास कंपनीच्या जुन्या पद्धतीत फ्यूजवर ३५ लिहिलेले असे, त्याचा अर्थ ३५ अँपिअरला उडणारा. सतत चालण्याचा त्याचा भार निम्मा, म्हणजे १७ अँपिअर होता. आज दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा नळ्यांवर सतत चालण्याचा भार लिहिलेला असतो. जुन्या पुस्तकात ३५ वाचून आजची ३५ ची नळी बसवली, तर राखण निम्म्यावर आली. तेथे आजच्या हिशेबाने १५ ते २० ची नळी पाहिजे. शिवाय त्या जुन्या वायरिंगमध्ये फ्यूज फक्त दोनच असत. हेडलाइटला आणि इग्निशनला फ्यूजच नसे. अशा गाडीत हेडलाइटच्या वाटेवर वेगळा फ्यूज बसवून घेणे केव्हाही चांगले. तो दोन्ही दिव्यांना एकच न ठेवता दोन वेगळे ठेवावेत, म्हणजे एक उडाला तरी दुसऱ्या दिव्यावर घाट उतरता येईल.

तिसरी जात चपटी, दोन पात्यांची. १९७० च्या दशकात अमेरिकेत ती निघाली आणि नंतरच्या गाड्यांत सगळीकडे पसरली. तिचे रंग ठरलेले आहेत. फिकट तपकिरी ५, गडद तपकिरी साडेसात, तांबडा १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५ आणि हिरवा ३०. जुन्या कांडीत तांबडा म्हणजे १६ आणि चपट्यात तांबडा म्हणजे १०, म्हणून केवळ रंग पाहून फ्यूज बदलू नये, आकडा वाचावा.

फ्यूजला न दिसणारी आग

आता मुख्य गोष्ट. फ्यूज शाबूत असेल तर सर्व ठीक आहे, ही समजूत चुकीची आहे. जुन्या गाडीत अनेकदा आग अशा ठिकाणी लागते जेथे फ्यूज शेवटपर्यंत उडत नाही. ते ठिकाण म्हणजे खराब कॉन्टॅक्ट.

दोन धातू एकमेकांना घट्ट टेकले तर वीज सहज जाते. मध्ये गंज, हिरवा कळंक, धूळ किंवा तेल आले, अथवा चिमटा ढिला पडला, तर वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून वीज जाताना तेथे उष्णता होते. हिशेब मांडून पाहू. १२ व्होल्टवर दोन हेडलाइट १० अँपिअर घेतात, म्हणजे त्यांचा अडथळा १.२ ओहम. समजा फ्यूजच्या चिमट्यावर गंजाने केवळ ०.१ ओहमचा अडथळा आणला. एकूण १.३ ओहम झाला आणि प्रवाह १० वरून ९.२ अँपिअरवर आला. प्रवाह कमी झाला, म्हणून फ्यूज गप्प बसला. पण त्या नखाएवढ्या जागेत साडेआठ वॅट उष्णता होत राहिली. घरी पाच वॅटचा पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब पाच मिनिटांनी हाताला सोसत नाही. येथे त्याच्या दीडपटीहून जास्त गरमी एका नखाच्या जागेत कोंडली जाते. ती तासन् तास राहिली तर चिमट्याची स्प्रिंग मऊ पडते, दाब आणखी कमी होतो, अडथळा वाढतो आणि गरमी वाढते. शेवटी फ्यूजबॉक्सचे प्लास्टिक काळे पडून वितळते. फ्यूज मात्र जसाच्या तसा.

याच हिशेबाचा दुसरा भाग दिव्याचा आहे. बल्बला १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले, तर उजेड बाराव्या हिश्शाने कमी होत नाही, जवळपास चौथा हिस्सा जातो. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या जंगलातून रात्री येताना हा चौथा हिस्सा फार मोठा असतो. आपल्याकडे उजेड कमी झाला की लोक लगेच १०० वॅटचा बल्ब आणतात. दोन बल्ब १०० वॅटचे म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. तोच गंजलेला चिमटा, तेच जुने स्विच, तीच बारीक वायर, आणि भार पावणेदोनपट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास तिप्पट होते. कॉन्टॅक्ट साफ केला असता तर जुन्याच बल्बने उजेड दिला असता.

तपासणी कशी करावी

यासाठी मोठे यंत्र लागत नाही. एक साधा मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट-बल्ब पुरे.

हेडलाइट लावून ठेवावेत. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक फ्यूजच्या एका बाजूच्या चिमट्याच्या वायरीला आणि दुसरे दुसऱ्या बाजूच्या वायरीला लावावे. मीटर जे दाखवील तेवढे व्होल्ट त्या जागी वाया जात आहेत. ०.१ च्या आसपास असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेले तर चिमटा साफ करणे आहे. याच रीतीने स्विच, जोड आणि अर्थ तपासता येतो. भार चालू असतानाच हे माप खरे येते. दिवा बंद ठेवून वायर जोडलेली आहे का एवढेच पाहिले, तर गंजलेला जोडही चांगलाच दिसतो. पुष्कळ कारागीर येथेच फसतात.

मीटर नसेल तर हात आहे. हेडलाइट दहा मिनिटे चालू ठेवून मग बंद करावेत आणि फ्यूजची टोके, स्विचमागचा सॉकेट आणि बॅटरीची टर्मिनले हाताने पाहावीत. जी जागा शेजारपेक्षा जास्त गरम लागते ती रोगाची जागा. प्लास्टिकवर तपकिरी डाग, वायरीचे कडक झालेले कातडे आणि जळका वास, या तिन्ही खुणा ओळखाव्यात.

साफ करण्याची रीत

१. प्रथम बॅटरी सोडवावी. गाडीच्या अंगाला जोडलेली अर्थची तार आधी काढावी आणि सर्वांत शेवटी लावावी. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते, परंतु जुन्या काही इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणून डोळ्यांनी पाहून घ्यावे. हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. पाना आणि पत्रा यांच्यात अंगठी सापडली तर बोट भाजते.

२. काहीही काढण्यापूर्वी फ्यूजबॉक्सचा मोबाईलवर फोटो घ्यावा. कोणती वायर कोठे होती याची सर्वांत स्वस्त नोंद तीच.

३. एक-एक फ्यूज काढून पाहावा. पट्टी मध्ये बारीक, निळी किंवा काळी पडली असेल तर उडाला नसला तरी बदलावा. टोक जळके असेल तर केवळ फ्यूज बदलून चालणार नाही, चिमटा पाहावा.

४. चिमट्याच्या आतील बाजू बारीक पॉलिश पेपरने किंवा काचतंतूच्या पेन्सिलने हलक्या हाताने घासावी. धातू उजळ दिसला की थांबावे. कानस वापरू नये, पितळ पातळ होते. नंतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून कापडाने पुसावे. कलहईवाले आणि भांडीवाले बंधू जाणतात की चिंच-लिंबाने पितळ चकचकीत होते. परंतु येथे आंबटपणा मागे राहिला तर दुप्पट गंज धरतो. तसे केलेच, तर बॉक्स गाडीतून पूर्ण सोडवून, सोड्याच्या पाण्याने धुऊन आणि उन्हात कोरडा करूनच परत लावावा. पेट्रोलने फ्यूजबॉक्स धुऊ नये. एक ठिणगी पुरे होते.

५. चिमटा ढिला असेल तर चिमटीने थोडा आत वळवावा. फ्यूज बसताना जोर लागला पाहिजे. तापून मऊ झालेल्या चिमट्यात पुन्हा ताण येत नाही, तो बदलावाच लागतो.

६. कांडीचा फ्यूज बसवल्यावर बोटाने दोन-तीन वेळा जागच्या जागी फिरवावा. टोके घासली जाऊन कॉन्टॅक्ट उजळतो. दर महिन्याला गाडी बंद असताना हे केले तरी निम्मा त्रास वाचतो.

७. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फेस आला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टर्मिनल घासून घट्ट कसावे आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. आधी कसणे, मग जेली, हा क्रम पाळावा.

८. पिळून टेप मारलेले जोड काढून टाकावेत. आपल्या उन्हाळ्यात खामगाव-मलकापूरकडे पारा ४३ अंशांच्या वर जातो. बॉनेटखाली टेपचा गोंद वितळून टेप सुटतो. योग्य मापाचे लग क्रिंपिंगच्या पकडीने दाबून लावावेत आणि वर आक्रसणारी नळी चढवावी.

अर्थ, पॉइंट आणि रिले

मोटारीत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचे अंग. फ्यूज, वायर, बल्ब सर्व नवे टाकले, पण दिव्याची अर्थची तार गंजलेल्या पत्र्यावर स्क्रूने टेकली असेल, तर काम अर्धेच झाले. इंडिकेटर लावल्यावर शेजारचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबल्यावर पार्किंग मंद होते, ही अर्थ खराब झाल्याची खूण. रंग खरवडून, उजळ पत्र्यावर दात्याचा वॉशर घालून स्क्रू कसावा. इंजिन आणि चॅसिस यांमधील जाड विणलेली पट्टीही पाहावी. ती तुटली तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार लाल होते.

डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट हाही एक कॉन्टॅक्टच आहे आणि धावत्या गाडीत तो मिनिटाला हजारो वेळा उघडतो-मिटतो. त्याची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा आणि फिलर गेजने लावावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंटला दोष न देता कंडेन्सर तपासावा.

हेडलाइटसाठी रिले हा फार फायद्याचा उपाय आहे. जुन्या गाडीत दिव्याचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. रिले बसवला की स्विचमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो, आणि दिव्याचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, थेट बल्बकडे जातो. स्विच वाचतो आणि उजेड वाढतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवावा. फ्यूजच्या आधी जेवढी वायर राहील तेवढी उघड्यावर आहे असे समजावे.

खोटे माप

आम्ही कपड्याच्या व्यापारात आहोत. गजात किंवा तराजूत खोट करणे हा किती मोठा गुन्हा आहे, हे आपल्या लोकांना समजावण्याची गरज नाही. फ्यूजही एक माप आहे. ८ च्या जागी सिगारेटच्या पाकिटातील पन्नी गुंडाळणे, तांब्याची तार अडकवणे, खिळा ठेवणे किंवा १६ ची कांडी घालणे, हे खोटे माप आहे. फरक इतकाच की बाजारातील खोट्या मापाने गिऱ्हाईक बुडते आणि या खोट्या मापाने गाडी, माल आणि बसलेली माणसे जातात. रात्री रस्त्यावर फ्यूज उडाला आणि दुसरा नसेल, तर गरज नसलेल्या वस्तूचा, म्हणजे रेडिओ किंवा पंखा यांचा, तेवढ्याच आकड्याचा फ्यूज काढून तेथे लावता येतो. तो पुन्हा लगेच उडाला तर वायर शॉर्ट आहे. तिसरा लावू नये, शोध घ्यावा. उडालेला फ्यूज दुखणे दाखवत असतो. त्याला गप्प केल्याने दुखणे जात नाही.

माल भरणाऱ्या बंधूंनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुती गाठीत ठिणगी शिरली तर ती आतल्या आत तासन् तास धुमसते आणि बाहेरून कळत नाही. पॉलिस्टर वितळून चिकटते. म्हणून गाठी वायरीच्या जुडग्यावर किंवा मागच्या दिव्यांच्या सॉकेटवर रेटू नयेत. मध्ये लाकडी फळी ठेवावी. सरकी-कापसाच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल, तर उंदीर वायर कुरतडतात आणि कापसाचा तंतू फ्यूजबॉक्सवर बसतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. बॅटरीवर कट-ऑफ स्विच बसवावा आणि रात्री तो बंद करावा. चालकाच्या हाताला येईल असे कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवावे. पेट्रोल आणि वायरिंगच्या आगीवर पाणी टाकू नये.

आग किती वेळ देते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बस धडकून पेटली आणि २५ माणसे गेली. ती आग धडकेनंतरची होती, वायरिंगची नव्हे. परंतु पेटलेली गाडी माणसाला विचार करायला सवड देत नाही, एवढे त्या रात्री सर्वांना कळले.

वर्षाचे वेळापत्रक

मृग लागण्यापूर्वी एकदा फ्यूजबॉक्स साफ करावा, दरवाजा आणि काचेची रबरे पाहावीत, कारण पावसाचे पाणी काचेखालून गळून थेट फ्यूजबॉक्सवर येते. पावसाळा संपल्यावर सर्व अर्थ आणि मागच्या दिव्यांचे सॉकेट पाहावेत. कापसाचा हंगाम संपल्यावर धूळ आणि तंतू झटकावेत. उन्हाळ्यात बॅटरीतील डिस्टिल्ड वॉटर दर पंधरा दिवसांनी पाहावे. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा सुरू करून प्रत्येक स्विच चालू-बंद करावा. न वापरलेला कॉन्टॅक्ट वापरलेल्यापेक्षा लवकर गंजतो.

कारागीर बंधूंसाठी

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात आपली पुष्कळ मुले आहेत. नव्या गाड्यांत संगणक आल्याने कित्येकांचे काम कमी झाले. परंतु जुन्या गाड्यांचा शौक वाढत आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. खासगी मोटारीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करायचे तर दिवे, हॉर्न, वायपर चालू दाखवावे लागतात. म्हणजे या कामाला गिऱ्हाईक आहे. भांडवल थोडे लागते. मीटर, टेस्ट-बल्ब, चांगली क्रिंपिंगची पकड, तिन्ही जातींचे फ्यूज, लग, रिले आणि आठ-दहा रंगांची वायर. जुने सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतात. मुलाला आयटीआयमध्ये वायरमन किंवा ऑटो इलेक्ट्रिकलचा कोर्स करवला, तर हाताच्या हुनराला कागदाचीही जोड मिळते.

बरकत मात्र अमानतीवर आहे. गिऱ्हाइकाला फ्यूजचा आकडा कळत नाही, तो डोळे मिटून गाडी स्वाधीन करतो. कोणता फ्यूज, किती अँपिअर, कोणत्या वायरीवर, हे बिलावर लिहून द्यावे. फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत कागद चिकटवावा. साफसफाईने काम भागत असेल तर नवा स्विच विकू नये. साफ करण्याची मजुरी उघडपणे मागावी, ती हलाल कमाई आहे. असा कारागीर जिल्ह्यात फार काळ लपून राहत नाही, बाजारच त्याची जाहिरात करतो.

उंटाला दावे बांधून मग तवक्कुल करावा, अशी आपल्याला शिकवण आहे. मोटारीचे दावे म्हणजे योग्य आकड्याचा फ्यूज आणि उजळ, घट्ट कॉन्टॅक्ट. महिन्यातून अर्धा तास एवढाच त्याचा खर्च आहे. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या जानमालाची हिफाजत करो.